बायच्या जाळ्यावर

त्या दिवशी मी थोरल्या बहिणीशी भांडायला निघाले होते. घरी सांगताना ‘बायला भेटून येते’ एवढंच सांगितलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, आईसुद्धा तिला बायच म्हणायची. पण किन्हवलीला शहापूरची एस्टी पकडली तेव्हापासून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. आधी हे बोलायचं, मग ते. ती रडायला लागली तर आपण विरघळायचं नाही. शहापूरला गाडी बदलून भिवंडीच्या गाडीत बसेपर्यंत माझं सगळं भाषण तयार झालं होतं. मग मला झोप लागली. कंडक्टरने हलवून जागं केलं तेव्हा भिवंडीचा स्टँड आला होता आणि भाषणाची सुरुवात काय होती ते मला आठवत नव्हतं.

तेव्हा मी कुठेही झोपायचे. आई दीड वर्षापासून अंथरुणावर होती. एका सकाळी चुलीपुढे बसल्या जागी कलंडली, उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि बोलणं पार विस्कटलं. आम्हाला भाऊ नाही, वडील कधीच गेलेले. मला पलीकडच्याच गावात दिलेली, बांधाबांधाने वीस मिनिटांची वाट. त्यामुळे कुणी न ठरवता आई माझ्याकडे आली. म्हणजे राहायची ती तिच्याच घरात, जायचे मी. पहाटे पाचला उठून जायचं, तिचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, कूस बदलून द्यायची, पेज भरवायची. नऊला अंगणवाडी. दुपारी पुन्हा आई, संध्याकाळी पुन्हा आई, मग घरी येऊन नवऱ्याचं आणि सासूबाईंचं जेवण. मधल्या वेळात शेजारची काकू बसायची. एकदा अंगणवाडीत मुलं गाणं म्हणता म्हणता गप्प झाली. मी डोळे उघडले तर मीच फळ्याखाली बसल्या बसल्या झोपले होते आणि मुलं माझ्याकडे बघत होती.

बायला दिली होती भिवंडीच्या पुढे, खाडीकाठच्या गावात. त्या दीड वर्षात ती दोनदा आली. एकदा आई पडली त्या आठवड्यात, एकदा गणपतीत. दोन्ही वेळा आईजवळ तासभर बसली, पदराने डोळे पुसले आणि दुसऱ्या गाडीने परत गेली. गणपतीत येताना सुकटीची पुडी आणली होती. आईला भाताचं शीतसुद्धा चावता येत नव्हतं. ती पुडी फडताळात पडून राहिली आणि मी जेव्हा जेव्हा फडताळ उघडायचे तेव्हा वासाबरोबर राग नाकात शिरायचा.

शेवटी पौषातल्या एका रविवारी काकूला दिवसभर बसवलं आणि निघाले. साल सत्त्याण्णव की अठ्ठ्याण्णव, आता नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी अवस, म्हणजे अमावस्या होती एवढं पक्कं आठवतं, कारण पुढचं सगळं त्या अवसेमुळेच घडलं.

भिवंडीहून सहा आसनी रिक्षा खाडीच्या गावापर्यंत जायची. बायचं घर गावाच्या शेवटाला. घरामागे खारं पाणी अडवायचा मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी आत येतं आणि जातं ती चिखलाची, तिवरांची जमीन. मी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. ओट्यावर दाजी जाळं शिवत बसले होते.

दाजींबद्दल इथेच सांगते. त्यांनी अठरा वर्षं खाडीत रेती काढली. तळाला बुडी मारायची, बादली भरायची, वर यायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली. त्यात त्यांचे दोन्ही कान गेले. आधी कान वाहायचे, मग दुखायचे, मग त्यांतून ऐकूच येईनासं झालं. पुढे दमाही लागला. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आत असेल, पण दहा पावलं चालले की थांबायचे. पोरगी लग्न होऊन उरणकडे गेलेली. घरात ही दोघंच.

मला बघून ते हसले आणि मी काही विचारायच्या आत तोंडावर बोट ठेवलं. आत झोपली आहे, असं हाताने सांगितलं.

“झोपू दे तिला,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखे मोठ्याने नाही, उलट अगदी हळू बोलायचे ते. “दुपारी भरतीला होडीतून जाऊन जालं उचलून आली. साडेचारला परत जायचंय. मी उठवतो.”

मी आत गेले. बाय जमिनीवरच झोपली होती. चटई बाजूला गुंडाळलेली तशीच, ती उघडण्याएवढंही बळ नसावं. डोक्याखाली हात, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, आणि पाय माझ्या बाजूला. मी ते पाय बघत बसले. कालवांच्या शिंपल्यांनी कापलेल्या रेघा, काही जुन्या, काही ताज्या. टाचांच्या भेगांत काळा चिखल असा बसला होता की तो आता धुऊनही निघणार नव्हता. अंगठ्याचं नख नव्हतं. लग्नाआधी हीच बाय ओढ्याच्या पाण्यात पाय घालायला घाबरायची. मी फडकं धरून बारके मासे पकडायचे आणि ती काठावर उभी राहून ‘पुरे गो, घरी चल’ असं ओरडायची.

तिला उठवून भांडावं असं काही मला वाटलं नाही. मी चटई उलगडली, तिच्या शेजारी आडवी झाले, आणि पुढचं मला दाजींनी दोघींना हलवेपर्यंत ठाऊक नाही.

बाय जागी झाली तेव्हा तिने आधी मला बघितलं, मग चेहरा बदलला.

“आय?” ती म्हणाली.

“हाय. तशीच हाय. काकू बसलीय.”

तिने श्वास सोडला. “मंग तू अशी न सांगता?”

“बोलायचंय तुज्याशी.”

“वाटंत बोल. पानी थांबत नाय.”

तिने मला तिचं एक जुनं लुगडं नेसायला दिलं, कासोटा घालायला लावला. टोपली, मासे उचलायची झोळी, एक काठी आणि होडीची जुनी, माणूसभर लांबीची फळी एवढं सामान. चिखलातून टोपली उचलून न्यायची नसते, फळीवर ठेवून ओढायची असते, हे तिने सांगितलं. बांध उतरताना दाजी मागून म्हणाले, “उजेडात या.” तिने मागे न बघता हात वर केला.

बांधापलीकडे पहिल्यांदा लागला तो वास. शेवाळ, मीठ, कुजलेला पाला, मासे असं सगळं एकत्र. मी पदराने नाक झाकलं. समोर तिवरांची हिरवी भिंत आणि तिच्यातून मुख्य खाडीकडे जाणाऱ्या पाण्याच्या बारीक बारीक फाटी. पाणी सुकायला लागलं होतं, म्हणजे ओहोटी सुरू झाली होती. आपल्याकडे पूर ओसरतो तसं नव्हे. इथे पाणी आवाज न करता, अंग चोरून निघून जात होतं, आणि जिथून गेलं तिथे करडा चिखल चकाकत होता. त्यावर निवट्या, म्हणजे चिखलावर राहणारे बारके मासे, टुणटुण उड्या मारत होत्या.

“माज्या पावलावर पाऊल टाक,” बाय म्हणाली. “तिवराच्या बुडाजवलनं चालायचं. तिथं झाडाच्या मुल्या असतात, जमीन धरलेली असते. उघड्या चिखलात पाय नाय टाकायचा.”

चालता चालता तिने जाळ्याचं सांगितलं. दरवर्षी ती एका फाटीच्या तोंडावर ओळीने मेढी, म्हणजे लाकडाचे खुंट रोवते. पाणी कमी असताना जाळ्याची खालची कड चिखलात दाबून ठेवायची. भरती पूर्ण आली, मासे चरायला तिवरात शिरले, की होडीतून जाऊन जाळ्याची वरची कड उचलून मेढींना बांधायची. मग पाणी परत जातं, मासा अडतो. अवस-पुनवेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, म्हणून महिन्यातले तेच चार-पाच दिवस खरे. बाकी दिवस भांगाचे, पाण्यात जोर नसतो.

“आन जालं उचलून मंग गेलीच नाय तर?” मी विचारलं.

“बगळे खातात. चिंबोऱ्या जालं फाडतात. वरती परत भरती आली की उरलंसुरलं जातं.” ती थांबून दम घेत होती. “त्यांचे कान गेले तवापासनं एक अवस चुकली नाय माजी. एक पुनव नाय. ताप असो काय असो.”

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मी मात्र ते तक्रार म्हणूनच ऐकलं, कारण माझ्या तोंडात माझी तक्रार तयार होती.

आम्ही जाळ्याशी पोचलो तेव्हा फाटीत कमरेएवढं पाणी उरलं असेल. जाळ्याच्या आतल्या बाजूला पाणी उकळल्यासारखं हलत होतं. बाय पाण्यात उतरली आणि हाताने, छोट्या झोळीने मासे उचलून टोपलीत टाकायला लागली. बोईट, कोलंबी, मधूनच एखादी चिंबोरी. शिंगाळा आला की ती मला ‘हात लावू नको’ म्हणायची आणि काठीने त्याचा काटा मोडायची. तो काटा लागला तर माणूस रात्रभर तळमळतो म्हणे. मी काठावरच्या मुळांवर उभी राहून टोपली धरत होते. तिचे हात भराभर चालत होते, पण खांदे खाली गेलेले, आणि दर दहा-बारा वेळा वाकल्यावर ती मेढीला धरून उभी राहायची, डोळे मिटून. मी आईच्या खाटेचा पाय धरून तशीच उभी राहायचे.

तेव्हाच बोलून टाकलं असतं तर नीट बोलले असते. पण मी थांबले, आणि थांबल्यामुळे जे बाहेर पडलं ते वाईट पडलं.

“आयला मी एकटीनं किती दिवस बघायचं?”

तिने वर बघितलं नाही. “मी कुटं म्हनलं एकटीनं बघ म्हनून.”

“म्हनली नायस. पण येत नायस. दीड वर्षात दोनदा. दोनदा गो! सकाळी पाचला उठते मी. तिचं हागणं-मुतणं काढते, मग मुलांना गाणी शिकवते. माजा नवरा आता बोलत नाय माज्याशी. तू सुकटीची पुडी आणतेस!”

“मी आली तर हितं कोन बघल? ह्यांना पाणी भरून द्यायला कोन? जालं कोन उचलल?”

“एक अवस गेली तर काय मरणार हाव काय तुमी?”

तेव्हा तिने वर बघितलं. “तुला काय,” ती म्हणाली. “तू बाई हायस अंगनवाडीतली. सावलीत बसतेस. तुला म्हाईत नाय हे काय असतं ते.”

“बरोबर. मासे मोठे, आय नाय.”

हे मी बोलले. आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते. तिने हातातला बोईट टोपलीत टाकला आणि पुन्हा वाकली. ती काही म्हणाली असती तर मी तिथेच राहिले असते. मी टोपली मुळांवर ठेवली आणि परत निघाले.

बांध समोर दिसत होता. तिवरांच्या कडेने वळसा घेऊन जायचं तर बराच वेळ, आणि सरळ गेलं तर दोनशे पावलं. चिखल वरून सपाट, आमच्या खळ्यासारखा सारवलेला दिसत होता. रागात माणूस सरळच जातो. पाचसहा पावलं नीट गेली, घोट्यापर्यंत. मग एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला तर दुसरा मांडीपर्यंत. मी ओढलं. आणखी आत गेला. चिखल गार होता, आणि त्याने पाय असे धरले होते की जणू खाली कुणीतरी हात घालून बसलंय. मी ओरडले नाही. लाज वाटली. थोडा वेळ तशीच उभी राहिले, मग पुन्हा ओढलं, आणि कमरेपाशी चिखल लागला तेव्हा ओरडले.

“हलू नको!” बायचा आवाज आला. “पाय मारू नको! मागं टेक, बसल्यावानी कर. मी येते.”

मला मान वळवता येत होती. तिने टोपली तशीच सोडली, झोळी सोडली, फळी ओढत तिवरांच्या कडेने जवळ आली, आणि जमीन संपली तिथे फळी चिखलावर टाकून तिच्यावर पोटावर पडली. हातांनी ढकलत, सरपटत माझ्यापर्यंत आली. जवळ आली तेव्हा तिच्या छातीचा भाता मला ऐकू येत होता.

“फळीवर अंग टाक. दोन्ही हात.”

मी टाकलं. तिने माझ्या मांडीशेजारी हात खुपसला आणि चिखल उकरायला लागली. ओंजळ ओंजळ बाहेर काढायची, त्या जागी पाणी जाऊ द्यायचं. पाणी आत गेलं की चिखल पाय सोडतो. पण हे सगळं सावकाश. एक पाय गुडघ्यापर्यंत मोकळा व्हायला किती वेळ गेला कुणास ठाऊक. सूर्य तिवरांच्या मागे गेला. मला थंडी वाजायला लागली. जाळ्याकडून बगळ्यांचे आवाज येत होते. आधी एक, मग पुष्कळ.

“बाय, बगळे,” मी म्हणाले.

“असू दे.”

“तू जा. मी थांबते अशीच. हलणार नाय.”

“गप बस.” ती उकरत राहिली. मग जरा वेळाने, दम खात, चिखलाकडे बघतच म्हणाली, “पयल्या वर्षी मी पन बसली व्हती अशी. एकटी. कोन नाय आलं. भरती आली तवा पानी शिरून पाय सुटले. छातीपर्यंत पानी. घरी आली, ह्यांना सांगितलं नाय.”

मला तेव्हा तिला सॉरी म्हणायचं होतं. आमच्यात तसं म्हणायची पद्धत नाही. मी तिच्या केसांतला चिखल बोटाने काढला, तर हाताला होता तो आणखी लागला.

“आयकडं येत नाय ते जाल्यामुलं नाय,” ती म्हणाली. “जालं हायच. पन खरं ते नाय.”

तिने आणखी एक ओंजळ चिखल बाहेर टाकला.

“गनपतीत आली तवा तिनं माजा हात धरला. वलखलं मला, डोल्यांत दिसतं ना गो. आन तुजं नाव घेतलं. तुज्या नावानं हाका मारत व्हती मला. घंटाभर. मी म्हनलं, मी बाय गो, बाय. तर परत तुजंच नाव. मला वाटलं, हिच्या मनात मी उरलीच नाय. आता कशाला जायचं.”

मग मला हसू यायला लागलं. ते हसू मला आवरेना. पाय चिखलात, दात थंडीने वाजतायत, आणि मी हसतेय.

“हसतेस काय?”

“मला ती बाय म्हणते,” मी म्हणाले. “रोज. दीड वर्ष. पेज भरवली की ‘बाय, बाय’. मला वाटायचं, करते मी आन आठवण तुजी काढते. त्याचाच तर मला राग!”

बायने उकरणं थांबवलं. “तुला बाय म्हनते?”

“डॉक्टर म्हणाले होते, नावं उलटीपालटी होतात म्हणून. मी लक्षच दिलं नाय.”

ती फळीवर कपाळ टेकून पडून राहिली. तिची पाठ हलत होती. हसतेय की रडतेय मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मग तिने पुन्हा हात चिखलात घातला.

पाय सुटले तेव्हा उजेड उतरत आला होता. आम्ही सरपटत तिवरांपर्यंत आलो आणि तिथे मुळांवर दोघी नुसत्या पडून राहिलो. उठवत नव्हतं. जाळ्याशी गेलो तर फाट जवळजवळ कोरडी. बगळ्यांनी मोठे मोठे उचलले होते, टोपली कलंडली होती, आणि जाळ्याला एका ठिकाणी माझी वीत जाईल एवढं भोक पडलं होतं. बायने ते भोक दोन बोटांनी ताणून बघितलं. चिखलात उरलेली कोलंबी आणि बारकं बोईट आम्ही अंधुक उजेडात वेचलं. टोपलीचा तळ झाकला, एवढंच. ती एका शब्दानेही मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिवरांतून बाहेर पडलो तर बांधावर उजेड हलताना दिसला. दाजी कंदील घेऊन उभे होते आणि बायला हाका मारत होते. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “आलो, आलो” असं आम्ही दोघी ओरडत होतो. त्यांना ऐकू येत नव्हतं. ते पुन्हा हाक मारायचे, आम्ही पुन्हा ओ द्यायचो, ते पुन्हा हाक मारायचे. आम्ही उजेडात येईपर्यंत हे चाललं. आम्हाला बघितल्यावर ते बांधावरच खाली बसले आणि बराच वेळ त्यांना श्वास घेता येईना.

घरी बायने पाणी तापवलं आणि माझे पाय धुतले. मी नको नको म्हणत होते, पण अंगात त्राण नव्हतं. आमटी-भात झाला, बोइटाचं कालवण झालं. मी चार घास खाल्ले असतील. शेवटची रिक्षा केव्हाच गेली होती. काकू रात्री आईपाशीच झोपेल, एवढी तिची माया होती, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

जेवताना दाजी अचानक म्हणाले, “आयला हिकडं आना.”

आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. आमचं बोलणं त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण मी न सांगता का आले असेन हे ओळखायला कान कशाला लागतात?

“मी बसूनच असतो ना दिवसभर,” ते भात कालवत म्हणाले. “भरवायला हात चालतात माजे. मला ऐकू येत नाय, तिला बोलता येत नाय. जमल आमचं.”

बाय म्हणाली, “जावयाच्या दारात सासू? लोक काय म्हनतील?” हे ती त्यांच्याकडे न बघता बोलली, म्हणून त्यांना कळलं नाही. मग तिने तोंड वर करून, ओठ स्पष्ट हलवत तेच पुन्हा सांगितलं.

“लोकांचं मला ऐकू येत नाय,” ते म्हणाले.

ते काही लगेच झालं नाही. मी परत गेले, नवऱ्याशी बोलले, चुलत्यांनी ‘पोरी आईला परक्या दारात टाकतात’ म्हणून दोन महिने घोळ घातला. शेवटी होळीनंतर दुधवाल्याच्या टेम्पोत गादी टाकली, आईला उचलून ठेवली, आणि मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बायच्या गावापर्यंत बसले. दाजी रस्त्यापर्यंत चालत आले होते. मध्ये तीनदा थांबले असतील.

त्यांचं खरंच जमलं. सकाळी बायने आईचं अंग पुसून दिलं की पुढचा दिवस दाजींचा. ओट्यावर ऊन यायचं तिथे तिला टेकवून बसवायचे, पेज भरवायचे, तोंड पुसायचे आणि शेजारी बसून जाळं शिवायचे. आई त्यांच्याशी तासन् तास काहीबाही बोलायची, सगळे शब्द उलटे, आणि ते मान डोलवायचे. मी एक रविवार सोडून जायचे. अवस-पुनव असेल तर बायबरोबर जाळ्यावर जायचे, तिवरांच्या बुडाशी, तिच्या पावलावर पाऊल टाकून. कामात माझी फार मदत झाली नाही तिला. पण टोपली धरायला कुणीतरी असायचं.

मला वाटलं होतं, आई बायकडे गेली की मी महिनाभर झोपेन. तसं झालं नाही. कितीतरी दिवस पाचला डोळे उघडायचे, पाय खाली टाकायचे, आणि मग कळायचं की कुठे जायचं नाहीये. मी अंथरुणावर बसून राहायचे. हलकं वाटायचं, आणि हलकं वाटतंय म्हणून चोरट्यासारखंही वाटायचं. नवरा एकदा म्हणाला, “आता तरी नीट झोप.” तेव्हा मला त्याचा राग आला, आणि मग समजलं की तो पुष्कळ दिवसांनी माझ्याशी काहीतरी बोललाय.

आई तिथे जवळजवळ दीड वर्ष जगली. भाद्रपदात एका दुपारी, ओट्यावरच, दाजी शेजारी असताना गेली. त्यांना कळायला थोडा वेळ लागला असावा. ती बोलता बोलता थांबली हे त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी पोचले तेव्हा ते पुन्हा पुन्हा एवढंच सांगत होते की मी इथेच होतो, मी इथेच बसलो होतो. त्यांना समजवायला आम्हा दोघींना फार दिवस लागले. पुढे तीन पावसाळ्यांनी तेही गेले, दम्याने.

बाय त्यानंतरही काही वर्षं जाळं उचलत राहिली. मग त्या बाजूला गोदामं यायला लागली. ट्रकने माती येऊन पडायची आणि खाजण एकेक तुकडा करून वर यायचं. ज्या फाटीच्या तोंडावर तिच्या मेढी होत्या ती फाट एका उन्हाळ्यात बुजली. तिने मेढी उपटून घरी आणल्या, त्या पुढच्या दोन थंड्या पाणी तापवायला पुरल्या. नंतर ती एका गोदामात झाडलोट करायला जाऊ लागली. गुडघे गेले तेव्हा तेही सुटलं.

मागे एकदा मी गेले तेव्हा संध्याकाळी आम्ही दोघी बांधापर्यंत चालत गेलो. पलीकडे पत्र्याची लांबच लांब छपरं, मधून काँक्रीटचा रस्ता, आणि त्याच्या कडेला तिवरांची एक पट्टी उरलेली. ओहोटी होती की भरती, मला कळेना. मी तिला विचारलं. तिने हवेत जरा नाक वर केलं, थोडा वेळ बघितलं.

“सुकतंय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “चल. फार उभं नाय राहवत.”

आम्ही हळूहळू परत आलो. तिने चहा टाकला.